विश्लेषण : नवे पिल्लू विमानाने घरी आणताना नेमके काय आडवे येते?

मोबाइलवर छायाचित्र पाहून पसंत केलेले कुत्र्याचे पिल्लू दुसऱ्या राज्यातून विमानाने घरी आणणे आता अनेकांना सोपे वाटते. विक्रेता ‘उद्या पाठवतो’ म्हणतो, खरेदीदार पैसे भरतो आणि तिकीट काढायची वेळ आली की प्रश्न सुरू होतात. कोणती विमान कंपनी नेते? पिल्लाचे वय पुरेसे आहे का? रेबीजची लस झालेली नसेल तर? ते केबिनमध्ये बसेल की सामानाबरोबर जाईल? यांपैकी बहुतेक प्रश्नांची उत्तरे पिल्लू ठरवण्याआधीच शोधावी लागतात, कारण काही बाबतींत नंतर हाती काहीच उरत नाही.

भारतात कोणती विमान कंपनी पिल्लू नेऊ देते?

देशात यासाठी सर्व कंपन्यांना लागू होणारे एकच धोरण नाही. १९३७ च्या विमान नियमांनुसार विमानातून प्राणी नेण्यासाठी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची सर्वसाधारण किंवा विशेष परवानगी लागते. त्या चौकटीत राहून प्राणी स्वीकारायचा की नाही, कोणत्या वजनापर्यंत आणि किती शुल्क घेऊन, हे कंपनी ठरवते. वैमानिकाचा निर्णय अंतिम असतो.

देशांतर्गत प्रवासी वाहतुकीत ६० टक्क्यांहून अधिक वाटा असलेली इंडिगो मदतनीस श्वान वगळता प्रवाशांसोबत पाळीव प्राणी घेत नाही. त्यामुळे एखाद्या शहरातून दिवसाला दहा उड्डाणे असली तरी पिल्लासाठी त्यांतली दोन-तीनच उपयोगाची ठरू शकतात. एअर इंडिया वजनाच्या मर्यादेत कुत्र्या-मांजरांना केबिनमध्ये नेऊ देते. अकासा एअरने नोव्हेंबर २०२२ पासून ही सोय सुरू केली. सुरुवातीला पेटीसह ७ किलोपर्यंतचा प्राणी केबिनमध्ये आणि त्याहून जड, ३२ किलोपर्यंतचा प्राणी कार्गोत अशी विभागणी होती. पुढे केबिनची मर्यादा १० किलो करण्यात आली. एका उड्डाणात केबिनमध्ये किती प्राणी घ्यायचे, यालाही मर्यादा असते. त्यामुळे माणसाचे तिकीट आधी काढून पिल्लाची परवानगी नंतर मागणे हा उलटा क्रम ठरतो. धोरणे बदलत असल्याने परवानगी ईमेलवर लेखी घेणे उत्तम.

आठ आठवड्यांची अट कुठून आली?

प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली केंद्राने २०१७ मध्ये श्वान प्रजनन आणि विपणन नियम आणले. त्यानुसार आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. पैदास करणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करणे, कुत्र्यांना मायक्रोचिप बसवणे आणि विक्रीची नोंद ठेवणे बंधनकारक आहे. विमान कंपन्यांचीही वयाची किमान अट सहसा आठ आठवड्यांचीच असते. अमेरिकेतील प्राणी कल्याण नियमांतही व्यावसायिक वाहतुकीसाठी हेच वय असून पिल्लाचे दूध सुटलेले असणे आवश्यक आहे.

यामागे शरीरशास्त्र आहे. या वयाआधी पिल्लाला शरीराचे तापमान आणि रक्तातील साखर स्थिर ठेवणे जड जाते. आई आणि भावंडांच्या सहवासात ते चावा किती जोरात घ्यायचा, घाबरल्यावर सावरायचे कसे, हे शिकत असते. साधारण ३ ते १४ आठवडे हा कुत्र्याच्या समाजीकरणाचा काळ मानला जातो. या काळातील वाईट अनुभव पुढेही त्रास देऊ शकतो. ‘लहान असतानाच न्या, लळा लवकर लागेल’ असे म्हणून ४०-४५ दिवसांचे पिल्लू देऊ करणारा विक्रेता नियम मोडत असतो, शिवाय विमानतळाच्या काउंटरवर त्या पिल्लाला नकार मिळण्याची शक्यताही वाढवत असतो.

वजन आणि लस यांचे गणित का अडते?

मोठ्या जातीच्या पिल्लांबाबत ही खरी गोम आहे. लॅब्रॅडॉरचे पिल्लू आठ आठवड्यांचे असताना साधारण ४ ते ६ किलोचे असते. पेटीचे दीड-दोन किलो धरले तरी ते १० किलोच्या मर्यादेत बसते. बाराव्या आठवड्यापर्यंत तेच पिल्लू ९ ते ११ किलोपर्यंत जाते आणि पेटीसह मर्यादा ओलांडते. म्हणजे अशा पिल्लासाठी केबिनचे दार जेमतेम तीन-चार आठवडे उघडे असते.

लशीचे वेळापत्रक नेमके याच्या उलट चालते. आईच्या दुधातून आलेली प्रतिपिंडे लशीचा परिणाम कमी करतात, म्हणून रेबीजची लस साधारण १२ आठवड्यांच्या वयात दिली जाते. पार्वो आणि डिस्टेंपरविरोधी लशीचे डोस सहाव्या ते आठव्या आठवड्यापासून सुरू होऊन सोळाव्या आठवड्यापर्यंत चालतात. म्हणजे पिल्लू केबिनमध्ये मावते तेव्हा त्याची लस अपुरी असते आणि लस पुरी होते तेव्हा ते केबिनमध्ये मावत नाही. पग, शित्झू, पॉमेरेनियन अशा लहान जातींना वजनाची अडचण येत नाही. लॅब्रॅडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, जर्मन शेफर्ड यांना हमखास येते.

नऊ-दहा आठवड्यांच्या पिल्लाचे रेबीज प्रमाणपत्र काउंटरवर मागितले गेले तर काय दाखवायचे, हा प्रश्नही इथेच उभा राहतो. ‘वयोमानानुसार रेबीजची लस अद्याप देय नाही’ असा उल्लेख पशुवैद्यकाच्या प्रमाणपत्रात असावा आणि तो चालेल का, हे कंपनीकडून आधी विचारून घ्यावे.

केबिन आणि कार्गो यांत फरक काय?

विमानाच्या पोटातला मालकक्ष म्हणजे कार्गो होल्ड हा हवा नसलेला, गोठलेला कप्पा असतो, असा एक समज आहे. तो बरोबर नाही. प्रवासी विमानात केबिन आणि होल्ड एकाच दाबकवचात असतात. दोन्हीकडे हवेचा दाब सारखाच, म्हणजे साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीवर असतो तेवढा राखला जातो. शिमल्याच्या हवेत श्वास घ्यावा, तसेच हे.

फरक तापमान आणि खेळती हवा यांत पडतो. होल्ड उबदार ठेवण्याची आणि तिथे हवा खेळवण्याची यंत्रणा प्रत्येक विमानात, प्रत्येक कप्प्यात सारखी नसते. म्हणूनच होल्डमध्ये जिवंत प्राणी असल्याची लेखी सूचना उड्डाणापूर्वी वैमानिकाला दिली जाते. ऐनवेळी विमान बदलले तर पिल्लाची जागा रद्द होऊ शकते, त्याचेही कारण हेच.

खरेदीदार स्वतः त्या विमानात आहे की नाही, यावरही बरेच ठरते. तो सोबत असेल तर पिल्लू चेक-इनच्या वेळी दिले जाते. नसेल तर ते माल म्हणून एअर वेबिलवर कार्गो टर्मिनलमधून जाते. तिथे ते काही तास आधी द्यावे लागते आणि उतरल्यावर ताबा मिळायलाही वेळ लागतो. उड्डाण दोन तासांचे असले तरी पिल्लाचा पेटीतला काळ सहा-सात तासांवर जातो.

धोका आकाशात की जमिनीवर?

कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. ते धापा टाकते, जीभ आणि श्वसनमार्गातील ओलावा बाष्प होऊन उडतो आणि शरीर थंड होते. कुत्र्याच्या शरीराचे सामान्य तापमान ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असते. ते ४१ अंशांपलीकडे गेले की उष्माघाताचा धोका सुरू होतो. म्हणजे मध्ये फरक जेमतेम दोन अंशांचा. बाष्पीभवनासाठी कोरडी, वाहती हवा लागते. बंद पेटीत, दमट हवेत पिल्लू जितके धापा टाकते तितकी पेटीतली हवा आणखी दमट होते आणि थंड होण्याचा मार्ग आणखी बंद होतो.

ही स्थिती आकाशात क्वचित येते. ती येते विमाने उभी राहतात त्या एप्रनवर. काँक्रीटचा पृष्ठभाग उन्हात हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो. सामानाची गाडी विमानाजवळ थांबते, उड्डाणाला उशीर होतो, होल्डचे दार उघडे असते आणि पेटी उन्हात राहते. अमेरिकी नियमांनी त्यासाठी आकडे ठरवून दिले आहेत. टर्मिनल आणि विमान यांदरम्यान नेताना ८५ अंश फॅरनहाइट, म्हणजे साधारण २९.५ अंश सेल्सिअसपेक्षा जास्त तापमानात कुत्रा ४५ मिनिटांपेक्षा अधिक काळ ठेवता येत नाही.

हा आकडा महाराष्ट्राला लावून पाहिला तर चित्र स्पष्ट होते. मे महिन्यात नागपूरची दुपार ४२-४३ अंशांच्या घरात असते. मार्च ते मे पुण्यातील दुपारही २९.५ अंशांच्या वर असते. मुंबईत पारा त्या मानाने कमी, पण दमटपणा जास्त. म्हणजे धापा टाकण्याचा उपयोग कमी. भारतातील १९७८ च्या प्राणी वाहतूक नियमांत कुत्र्या-मांजरांच्या आंतरराष्ट्रीय हवाई प्रवासासाठी दाब राखलेला, नियंत्रित तापमानाचा कप्पा असावा असे म्हटले आहे. एप्रनवरील उन्हासाठी अमेरिकेसारखी अंश आणि मिनिटांची मर्यादा मात्र या भागात घातलेली नाही. त्यामुळे पहाटेचे किंवा रात्री उशिराचे थेट उड्डाण निवडणे ही जबाबदारी व्यवहारात खरेदीदारावरच येते. मध्ये विमान बदलावे लागणारे तिकीट म्हणजे एप्रनवरची एक जास्तीची फेरी.

आखूड तोंडाच्या जातींना वेगळे नियम का?

पग, फ्रेंच बुलडॉग, इंग्लिश बुलडॉग, शित्झू, बॉक्सर या जातींचे तोंड पैदाशीतून आखूड होत गेले. नाकपुड्या अरुंद झाल्या, पण टाळूचा मऊ भाग त्या प्रमाणात आखडला नाही. त्यामुळे श्वासाचा मार्ग मुळातच चिंचोळा असतो. घाबरल्यावर किंवा उकाड्यात जोरात श्वास घेतला की घसा सुजतो, मार्ग आणखी अरुंद होतो आणि धापा टाकूनही शरीर थंड होत नाही.

अमेरिकेच्या वाहतूक विभागाने २०१० मध्ये मांडलेल्या नोंदींनुसार मे २००५ पासूनच्या पाच वर्षांत विमान प्रवासाशी संबंधित १२२ कुत्र्यांचे मृत्यू झाले. त्यांतील जवळपास निम्मे आखूड तोंडाच्या जातींचे होते. एकूण प्रवास करणाऱ्या कुत्र्यांच्या मानाने मृत्यूंची संख्या लहान होती, पण धोका एकाच गटात कसा साचतो ते त्यातून दिसले. त्यानंतर अनेक कंपन्यांनी या जातींना कार्गोत नेणे बंद केले किंवा उन्हाळ्यात थांबवले. भारतात पग आणि शित्झू लोकप्रिय आहेत. ती पिल्ले लहान असल्याने केबिनमध्ये बसतात, ही जमेची बाजू. केबिनमध्ये जागा नसेल तर त्यांना कार्गोत पाठवण्याऐवजी प्रवास पुढे ढकलणे शहाणपणाचे.

केबिनमध्ये पिल्लू पूर्ण सुरक्षित असते का?

मार्च २०१८ मध्ये युनायटेड एअरलाइन्सच्या ह्यूस्टन-न्यूयॉर्क विमानात कोकिटो नावाचे दहा महिन्यांचे फ्रेंच बुलडॉगचे पिल्लू दगावले. ते केबिनमध्येच, मालकाच्या कुटुंबासोबत होते. पिल्लाची पिशवी डोक्यावरील सामानाच्या कप्प्यात ठेवली गेली आणि विमान उतरेपर्यंत ती तिथेच राहिली. कंपनीने जबाबदारी स्वीकारली आणि प्राण्यांच्या पिशव्यांना ठळक रंगाची खूणपट्टी लावण्याचे जाहीर केले. त्याच आठवड्यात कान्सास सिटीला जाणारा एक जर्मन शेफर्ड चुकून जपानला पोहोचला. त्यानंतर कंपनीने कार्गोतून प्राणी नेण्याची सेवा काही काळ थांबवली.

दोन्ही घटनांत यंत्र बिघडलेले नव्हते. प्राण्याची पेटी सामान म्हणून हाताळली गेली, एवढेच घडले होते. म्हणून केबिनमध्ये पेटी पुढच्या आसनाखाली, जाळीची बाजू प्रवाशाकडे करून ठेवावी. तिथून हलवायला सांगितले तर आत पिल्लू आहे हे स्पष्ट सांगून दुसरी आसनाखालची जागा मागावी. कार्गोच्या पेटीवर ‘जिवंत प्राणी’ ही खूण, वरची बाजू दाखवणारे बाण, दोन्हीकडचे दूरध्वनी क्रमांक आणि शेवटी कधी खाऊ-पाणी दिले त्याची वेळ ठळकपणे लिहावी.

पेटी किती मोठी हवी?

आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटना, म्हणजे ‘आयाटा’च्या जिवंत प्राण्यांविषयीच्या नियमावलीत यासाठी सोपे सूत्र आहे. लांबीसाठी नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतचे अंतर घ्यायचे आणि त्यात जमिनीपासून कोपरापर्यंतच्या उंचीचा निम्मा भाग मिळवायचा. रुंदी म्हणजे खांद्यांच्या रुंदीच्या दुप्पट. उंची म्हणजे उभे असताना डोक्याच्या किंवा कानाच्या टोकापर्यंतची उंची, अधिक अंथरूण.

उदाहरणार्थ, पिल्लाची लांबी ४० सेंटीमीटर, कोपराची उंची १६, खांद्यांची रुंदी १५ आणि उभी उंची ३६ सेंटीमीटर असेल, तर पेटी आतून किमान ४८ सेंटीमीटर लांब, ३० रुंद आणि अंथरूण धरून जवळपास ४० सेंटीमीटर उंच हवी. आखूड तोंडाच्या जातींसाठी ती आणखी १० टक्के मोठी घ्यावी लागते.

मापे विक्रेत्याकडून बुकिंगच्या आठवड्यातच घ्यावीत. पंधरा दिवसांत पिल्लू इतके वाढते की आधी घेतलेली पेटी अपुरी पडते. केबिनमध्ये आणखी एक मेख असते. आसनाखालची जागा ठेंगणी असल्याने वजन बसले तरी उंची बसेलच असे नाही. त्यामुळे केबिनसाठी कंपनीने दिलेली मापे आणि पिल्लाची मापे शेजारी ठेवून पाहणे भाग आहे. पिल्लाला आत उभे राहता, वळता आणि अंग पसरून झोपता आले पाहिजे, ही किमान कसोटी.

गुंगीचे औषध द्यावे का? खाण्याचे काय?

‘रडेल, म्हणून झोपेची गोळी द्या’ हा सल्ला सर्रास मिळतो. आयाटा आणि अमेरिकेतील पशुवैद्यकांची संघटना या दोघांचाही विमान प्रवासात गुंगीच्या औषधाला विरोध आहे. गुंगीने रक्तदाब उतरतो, शरीराचे तापमान सांभाळण्याची क्षमता घटते आणि विमान हलले की पिल्लाला तोल सावरता येत नाही. होल्डमध्ये त्याची अवस्था पाहायला कोणी नसते. अनेक कंपन्या गुंगीतला प्राणी स्वीकारतच नाहीत. त्याऐवजी प्रवासाच्या आठवडाभर आधीपासून पेटी विक्रेत्याकडे पाठवून पिल्लाला तिच्यात खाण्या-झोपण्याची सवय लावणे आणि आईच्या किंवा भावंडांच्या अंगाचा वास असलेले फडके आत ठेवणे जास्त उपयोगी पडते.

मोठ्या कुत्र्याला प्रवासाआधी बराच वेळ उपाशी ठेवले तरी चालते. पिल्लाला तो नियम लावला तर अनर्थ होऊ शकतो. लहान जातींच्या पिल्लांच्या शरीरात साखरेचा साठा अगदी कमी असतो. काही तासांच्या उपवासाने ती मलूल पडतात, थरथरतात, झटकेही येऊ शकतात. १९७८ च्या नियमांनुसार लांबच्या वाहतुकीत कुत्र्यांना निघण्याच्या किमान दोन तास आधी खाऊ-पाणी द्यावे लागते. प्रवासात पाणी उन्हाळ्यात दर चार तासांनी आणि हिवाळ्यात दर सहा तासांनी द्यायचे असते. मोठ्या कुत्र्यांना बारा तासांतून एकदा, तर पिल्लांना दर चार तासांनी खायला द्यावे, असे नियम सांगतो. दोन तासांच्या थेट उड्डाणाचा आग्रह धरण्याचे हे आणखी एक कारण.

कोणते कागद लागतात?

नोंदणीकृत पशुवैद्यकाचे ‘प्रवासास योग्य’ प्रमाणपत्र हा मुख्य कागद. पिल्लाला रेबीजसह कोणत्याही संसर्गजन्य रोगाची लक्षणे नाहीत, असे त्यात लिहिलेले असावे. हे प्रमाणपत्र नसेल तर वाहतूकदाराने प्राणी नाकारावा, असे १९७८ चे नियम सांगतात. प्रमाणपत्र किती दिवसांपूर्वीचे चालेल, हे प्रत्येक कंपनी ठरवते. त्याशिवाय तारखा, लशीच्या बाटलीचे लेबल आणि पशुवैद्यकाची सही असलेले लसपुस्तक, पैदास करणाऱ्याच्या नोंदणीची प्रत, विक्रीची पावती आणि मायक्रोचिपचा १५ अंकी क्रमांक जवळ असावा. चिपचा क्रमांक सर्व कागदांवर एकसारखा आहे ना, हे अंक मोजून पाहावे. एका अंकाची चूक देशांतर्गत प्रवासात कदाचित खपून जाईल. परदेशी विमानतळावर ती महाग पडते.

परदेशात न्यायचे किंवा तिथून आणायचे असेल तर?

नोकरीनिमित्त परदेशी निघालेल्या अनेक मराठी कुटुंबांचा गोंधळ इथे होतो. निघण्याच्या तीन महिने आधी घेतलेले पिल्लू त्यांच्यासोबत जाऊच शकत नाही. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने १ ऑगस्ट २०२४ पासून प्रत्येक कुत्र्यासाठी किमान सहा महिन्यांचे वय आणि मायक्रोचिप सक्तीची केली. भारत रेबीजचा जास्त धोका असलेल्या देशांच्या यादीत आहे. त्यामुळे भारतात लस दिलेल्या कुत्र्याच्या रक्तातील प्रतिपिंडांचा अहवाल सोबत हवा, नाहीतर तिथे २८ दिवसांचे विलगीकरण ठरलेले. अशा कुत्र्यांना मोजक्याच ठरावीक विमानतळांवर उतरता येते.

युरोपीय संघाचे गणित आणखी लांबते. लस १२ आठवड्यांनंतर, रक्तनमुना लशीनंतर किमान ३० दिवसांनी आणि नमुना घेतल्यापासून तीन महिने प्रतीक्षा. बेरीज केली तर पिल्लू सात महिन्यांचे होते. ब्रिटनचा क्रमही साधारण असाच आहे, शिवाय तिथे विमानाने येणारा पाळीव प्राणी कार्गोतूनच यावा लागतो. ऑस्ट्रेलियाच्या मान्यताप्राप्त देशांच्या यादीत भारत नाही. त्यामुळे कुत्र्याला आधी यादीतील दुसऱ्या देशात नेऊन तिथल्या अटी पूर्ण कराव्या लागतात.

परदेशातून भारतात कुत्रा आणताना केंद्राच्या प्राणी विलगीकरण आणि प्रमाणन सेवेचे ना-हरकत पत्र आधी घ्यावे लागते आणि मुंबईसह ठरावीक विमानतळांवरूनच प्रवेश मिळतो. सलग दोन वर्षे परदेशी राहून परतणाऱ्यांना दोन पाळीव प्राणी आणण्याची सवलत आहे. कुत्र्यांच्या व्यापारी आयातीवर केंद्राने २०१६ मध्ये निर्बंध आणले होते. म्हणून ‘खास परदेशातून मागवलेले’ दोन महिन्यांचे पिल्लू कोणी विकत असेल, तर आयातीचे कागद पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

‘विमानाने घरपोच’ या जाहिरातींत फसवणूक कशी होते?

पद्धत ठरलेली असते. बाजारभावापेक्षा बरेच स्वस्त पिल्लू, गोंडस छायाचित्रे आणि थोडी आगाऊ रक्कम. मग विमानतळावरून बोलत असल्याचे सांगणाऱ्याचा फोन येतो. वातानुकूलित पेटीचे पैसे भरा, विम्याचे भरा, लशीच्या प्रमाणपत्राचे भरा. सगळे परत मिळतील. दर वेळी ‘पिल्लू अडकून पडले आहे’ अशी गळ घातली जाते. माणूस पैशांपेक्षा पिल्लाच्या काळजीने आणखी रक्कम भरतो. पिल्लू मुळात नसतेच.

तपासणीचे दोन सोपे मार्ग आहेत. पहिला, त्याच दिवशी व्हिडिओ कॉलवर पिल्लू, त्याची आई आणि खरेदीदाराचे नाव लिहिलेला कागद एकत्र दाखवायला सांगणे. दुसरा, एअर वेबिलचा ११ अंकी क्रमांक मागणे. त्याचे पहिले तीन अंक विमान कंपनीचे असतात आणि तो कंपनीच्या कार्गो संकेतस्थळावर टाकून पाहता येतो. विमान कंपनी मधल्या टप्प्यावर अनोळखी खात्यात यूपीआयने पैसे मागत नाही. फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर जितक्या लवकर तक्रार होईल, तितकी रक्कम रोखली जाण्याची शक्यता जास्त.

घरी पोहोचल्यावर काय पाहायचे?

पार्वो विषाणू जमिनीवर महिनोन्महिने टिकतो आणि अपुरी लस झालेल्या पिल्लांना तो सर्वाधिक गाठतो. त्यामुळे विमानतळाच्या फरशीवर, पार्किंगमध्ये किंवा सोसायटीच्या बागेत पिल्लाला खाली सोडू नये. संसर्गानंतर लक्षणे दिसायला साधारण तीन ते सात दिवस लागतात. म्हणजे विक्रेत्याकडे लागण झालेले पिल्लू विमानातून ठणठणीत उतरते आणि चौथ्या दिवशी उलट्या-जुलाबांनी गळून जाते. मग विक्रेता प्रवासाला दोष देतो आणि विमान कंपनी विक्रेत्याला. पोहोचल्यापासून २४ तासांत आपल्या पशुवैद्यकाकडून तपासणी करून तिची लेखी नोंद घेतली, तर वाद झाल्यास हातात काही तरी राहते. घरात आधीचा कुत्रा असेल तर दोघांना दोन आठवडे वेगळे ठेवावे.

मग विमान टाळायचे का?

तसे नाही. पहाटेचे थेट उड्डाण, सोबत मालक आणि केबिनमध्ये जागा असेल, तर दीड-दोन तासांचा विमान प्रवास वीस तासांच्या रस्त्यापेक्षा पिल्लाला सुसह्य ठरू शकतो. अंतर पाच-सहा तासांचे असेल तर वातानुकूलित मोटार बरी, कारण पिल्लू नजरेसमोर राहते. रेल्वेत फर्स्ट एसीचे संपूर्ण कूपे किंवा केबिन आरक्षित केले तर कुत्रा सोबत नेता येतो. लगेज व्हॅनमधील श्वानपेटी मात्र पिल्लासाठी योग्य नाही.

सर्वांत मोठी अडचण आहे ती नियमांतील पोकळीची. विक्रीचे वय २०१७ च्या नियमांत, खाऊ-पाण्याचे तास १९७८ च्या नियमांत, वजनाची मर्यादा कंपनीच्या संकेतस्थळावर आणि एप्रनवरील उन्हाचा निर्णय कर्मचाऱ्यांच्या अंदाजावर, अशी ही विभागणी आहे. पाळीव प्राण्यांसह प्रवास करणारे वाढत असताना उष्णतेची मर्यादा, विमान बदलल्यास प्राण्याचे काय करायचे आणि प्रवासात प्राणी दगावल्यास नोंद कुठे करायची, याबाबत सर्व कंपन्यांसाठी समान नियम असणे गरजेचे आहे. अमेरिकेत मोठ्या विमान कंपन्यांना प्राण्यांचे मृत्यू, इजा आणि हरवण्याच्या घटना वाहतूक विभागाला कळवाव्या लागतात. आखूड तोंडाच्या जातींचा धोका लक्षात आला तो या नोंदींमुळेच. भारतात तशा नोंदी जाहीर होऊ लागेपर्यंत क्रम लक्षात ठेवावा तो असा : आधी विमान कंपनीचा लेखी होकार, मग पिल्लाचे वय व वजन, मग महिना आणि उड्डाणाची वेळ आणि सर्वांत शेवटी विक्रेत्याला पैसे.